रुग्णाची बाजू आणि केसपेपर

उपचारांतूनच झालेल्या इजेबद्दल रुग्णाला दाद मागता यावी, अशी व्यवस्था महाराष्ट्रात फार उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली. अडचण कायद्याची होती, तशीच पुराव्याचीही होती. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण बेशुद्ध असतो, नातेवाईक दाराबाहेर बसलेले असतात आणि आत काय घडले याची एकमेव लेखी नोंद रुग्णालयाच्याच ताब्यात राहते. ती नोंद म्हणजे केसपेपर. रुग्णांच्या तक्रारींचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा या कागदाभोवती फिरतो. तो कोणी लिहिला, कोणाला पाहायला मिळाला आणि तो नसताना न्यायालयाने कशावर विश्वास ठेवला, यावर निकाल ठरत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा कागद सामान्य रुग्णाच्या हाती लागण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगची साथ उघडकीस आली. मांडवी भागातला पहिला रुग्ण ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्यानंतर रुग्णांना घरातून उचलून ऑर्थर रोडच्या रुग्णालयात नेणे सुरू झाले. नातेवाइकांना तिथे प्रवेश नसे आणि बहुतेक रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत पोहोचत असल्यामुळे परत येणारे थोडेच असत. काय चालले आहे हे सांगणारे कोणी नसल्याने अफवांनी ती जागा भरून काढली. त्याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. तिचा कोप शांत करण्यासाठी रुग्णांची काळजे काढून विलायतेला पाठवतात, अशी वदंता गिरणगावात पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते ते हेच. त्या अफवेला अडाणीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ज्यांच्या माणसाला दाराआड नेले आणि पुढे केवळ मृत्यूची खबर दिली, त्यांना तक्रार करायला दुसरी कोणतीही जागा नव्हती.

सरकारने ती जागा कायद्यानेही बंद केली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणाविरुद्धही दावा लावता येत नव्हता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील ब्रिटिश अधिकारी रँड याच्या अमलाखाली घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांविरुद्ध जो संताप उसळला, त्याला ही बाजूही आहे. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उघडले आणि मुंबईतही अनेक जातीजमातींनी आपापली रुग्णालये काढली. आपल्या माणसाजवळ आपले कोणी असावे, एवढीच त्यामागची मागणी होती.

१९१२ च्या बॉम्बे मेडिकल अॅक्टने मुंबई इलाख्यात मेडिकल कौन्सिल स्थापन झाले आणि डॉक्टरच्या गैरवर्तनाची चौकशी करणारी एक अधिकृत संस्था अस्तित्वात आली. मात्र चौकशी करणारे डॉक्टरच होते, आणि कौन्सिल फार तर नोंदणी रद्द करू शकत असे. नुकसानभरपाई देणे त्याच्या हातात नव्हते. भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि डॉक्टरविरुद्ध साक्ष द्यायला दुसरा डॉक्टर उभा राहत नसे.

स्वातंत्र्यानंतर गाजलेला पहिला मोठा खटला पुण्यात उभा राहिला. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका विशीतल्या तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात होते तेवढ्या साधनांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला गेला. मग टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा, अकरा तासांचा प्रवास करून त्याला ९ मे रोजी पुण्यात आणले. वडील सोबत होते, आणि ते स्वतः डॉक्टर होते. पुण्यातल्या एका रुग्णालयात तपासणी होऊन पुढच्या उपचारांसाठी त्याला अस्थिरोगतज्ज्ञाच्या खासगी रुग्णालयात दाखल केले. तिथे मॉर्फियाचे इंजेक्शन दिले गेले, क्ष-किरण छायाचित्रे निघाली आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाय प्लास्टरमध्ये बसवून झाला. मॉर्फियाचा अंमल उतरला की मुलगा शुद्धीवर येईल, असे वडिलांना सांगण्यात आले. तासाभरात त्याला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि रात्री नऊच्या सुमारास तो दगावला.

डॉक्टरांनी दाखल्यात मृत्यूचे कारण फॅट एम्बोलिझम असे लिहिले. मोडलेल्या हाडातल्या चरबीचे कण रक्तात मिसळून रक्तवाहिन्या तुंबल्या, असा त्याचा अर्थ. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. भूल न देता, तीन मदतनिसांच्या साह्याने पाय जोराने ओढून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असे त्यांनी मांडले. डॉक्टरांच्या मते त्यांनी फक्त हलका ताण देऊन पाय स्थिर केला होता आणि हाड बसवण्याचे काम पुढे ढकलले होते.

या दाव्यात वडील स्वतः डॉक्टर होते, ही गोष्ट निर्णायक ठरली असे म्हणायला जागा आहे. मॉर्फिया म्हणजे भूल नव्हे, मांडीचे स्नायू ताठरलेले असताना हाड ओढणे म्हणजे काय आणि दाखल्यावरचे कारण कुठे जुळत नाही, हे त्यांना ओळखता येत होते. दुसऱ्या कोणा बापाने तो दाखला घडी करून खिशात ठेवला असता. पुण्याच्या न्यायालयाने दावा मान्य करून ३,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांचे अपील फेटाळले. अपघातापासून अंतिम निकालापर्यंत पंधरा वर्षे लागली होती.

डॉक्टर आणि वडील यांच्या आडनावांवरून जोशी विरुद्ध गोडबोले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या निकालाने डॉक्टरची जबाबदारी तीन टप्प्यांत मांडली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवणे हा पहिला टप्पा, कोणता उपचार करायचा हे ठरवणे हा दुसरा आणि तो उपचार प्रत्यक्ष करणे हा तिसरा. या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरकडून सर्वश्रेष्ठ कौशल्याची अपेक्षा नाही, पण वाजवी कौशल्याची आणि वाजवी काळजीची आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या निकालात पुढे या मांडणीचा आधार घेतला गेला.

खासगी डॉक्टरविरुद्ध वाट अशी उघडली तरी सरकारी रुग्णालयाविरुद्ध ती अजून बंद होती. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या प्रकरणाने ती उघडली, पण त्याला तेहतीस वर्षे लागली. १० जुलै १९६३ रोजी एक महिला तिथे बाळंतपणासाठी दाखल झाली आणि त्याच दिवशी प्रसूत झाली. १३ जुलैला तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला तीव्र ताप भरला आणि पोटात असह्य दुखू लागले. १९ जुलैला दुसऱ्या सर्जनने टाके उघडले तेव्हा पोटात रक्त टिपण्याचा मॉप राहिलेला सापडला आणि भोवती पू झाला होता. २४ जुलैला ती दगावली.

शस्त्रक्रियेत असे बोळे आणि कापडी मॉप रक्त टिपण्यासाठी भराभर आत घातले व बाहेर काढले जातात. रक्ताने भिजलेले कापड आतड्यांच्या गर्दीत चटकन दिसत नाही. म्हणूनच पोट शिवण्याआधी परिचारिकेने दिलेले आणि परत आलेले मॉप मोजायचे आणि आकडा सर्जनला मोठ्याने सांगायचा, ही शस्त्रक्रियागृहातली जुनी शिस्त आहे. मोजणीत चूक झाली की तिचे परिणाम टाके घातल्यानंतर काही दिवसांनी, कधीकधी काही वर्षांनी दिसतात. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी काढली, तेव्हा त्यातही या मोजणीला जागा द्यावी लागली.

पतीने आणि मुलांनी दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला, पण उच्च न्यायालयाने तो उलटवला. मृत्यू त्या मॉपमुळेच झाला हे सिद्ध होत नाही आणि सरकारी रुग्णालयाच्या कामाबद्दल राज्याला जबाबदार धरता येत नाही, असा त्याचा आशय होता. २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात हे दोन्ही मुद्दे खोडून काढले. पोटात मॉप आपोआप राहत नाही, ती वस्तू स्वतःच निष्काळजीपणाचा पुरावा आहे. मॉप नेमका कोणत्या डॉक्टरच्या हातून राहिला हे कुटुंबाने सिद्ध करण्याची गरज नाही. आणि रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम काम नसून लोककल्याणाचे काम आहे, म्हणून नोकरांच्या चुकीची जबाबदारी राज्यावर येते. शेवटचा मुद्दा सर्वांत दूरगामी होता. तोपर्यंत सरकारी रुग्णालयात एखादा रुग्ण दगावला की 'साहेबांची चूक' की 'सिस्टरची चूक' या वादातच तक्रार विरून जात असे.

औरंगाबादचे प्रकरण न्यायालयांत पडून असतानाच मुंबईत त्याहून मोठा आघात झाला, आणि तो एखाद्या डॉक्टरच्या हातून झाला नव्हता. १८४५ मध्ये सुरू झालेले सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय, सर्वांच्या तोंडी जे. जे., हे गरिबांचे आणि मुंबईबाहेरून पाठवलेल्या अवघड रुग्णांचे ठिकाण. डोक्यात किंवा डोळ्यात दाब वाढला की तो उतरवण्यासाठी त्या काळी रुग्णाला ग्लिसरॉल पाजत असत. घट्ट, गोडसर द्रव, घोटभर घेतला की शरीरातले पाणी ओढून घेऊन दाब कमी करणारा. औषध साधे, स्वस्त आणि अनेक वर्षांच्या वापरातले होते. २१ जानेवारी ते ७ फेब्रुवारी १९८६ या काळात ते घेतलेल्या रुग्णांपैकी १४ जण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले.

रुग्ण मेंदूच्या किंवा डोळ्याच्या आजारासाठी आले होते, आणि त्यांची लघवी बंद होत होती. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला तर वॉर्डमध्ये कोणाला सहसा धक्का बसत नाही. पण वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांचे मूत्रपिंड एकाच सुमारास बंद पडणे हे आजाराचे लक्षण नसते. समान धागा होता तो ग्लिसरॉलच्या बाटलीचा. तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन सापडले. तेही रंगहीन, घट्ट आणि गोड असते, त्यामुळे बाटली हातात घेऊन किंवा चव घेऊन फरक कळणे शक्य नव्हते. औद्योगिक वापराचे ग्लिसरीन दलालांच्या साखळीतून फिरत औषध म्हणून रुग्णालयाच्या भांडारात आले होते.

हे विष नवे नव्हते. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनात विरघळवलेल्या सल्फाच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यामुळे १९३८ मध्ये तिथला औषध कायदा कडक झाला. जे. जे. नंतरही ते थांबले नाही. १९९८ मध्ये गुडगावमध्ये आणि २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधांतून ते लहान मुलांच्या पोटात गेले. छिंदवाड्याच्या आजारी मुलांना जवळचे मोठे शहर म्हणून नागपूरला आणले जात होते, आणि त्यांतली अनेक तिथल्याच रुग्णालयांत दगावली. बळींची संख्या २० च्या वर गेली. ज्या रसायनासाठी चाचणी ठाऊक आहे आणि जे आधी अनेकदा मारून गेले आहे, त्याने पुन्हा मुले मरावीत, याला अपघात म्हणणे कठीण आहे.

जे. जे. प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाचे कामकाज उघडपणे चालले. पुरवठादार, भांडारातले कर्मचारी, अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी, डॉक्टर आणि मंत्री यांच्या साक्षी झाल्या आणि त्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होत्या. वॉर्डमधल्या केसपेपरवरून या मृत्यूंचे कारण कळले नसते. ते निविदांच्या फायलींत, परवान्यांच्या नोंदींत आणि मंत्रालयातल्या शेऱ्यांत दडलेले होते. कारवाई करू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना वरून कसे रोखले जाई आणि औषध कंपन्यांचे परवाने निलंबित करण्याचे आदेश मंत्र्यांकडून कसे स्थगित होत, हे आयोगाने नोंदवले. १९८७ च्या अखेरीस अहवाल सादर झाला, पुढच्या वर्षी तो विधिमंडळासमोर आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. मुंबईचे मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या शोकांतिकेवर लिहिले आणि ती जगातल्या डॉक्टरांपुढे गेली.

लेंटिन अहवालाचे महत्त्व एका मंत्र्याच्या राजीनाम्यापुरते नाही. रुग्णाला झालेली इजा एका हातून होत नाही, तिच्यामागे खरेदी, तपासणी, परवाना आणि राजकारण यांची साखळी असते, हे महाराष्ट्रात पहिल्यांदा पुराव्यासह मांडले गेले. मात्र त्यात मेलेल्यांच्या घरच्यांचा आवाज क्षीण आहे. मरणारे बहुतेक गरीब होते आणि त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांपेक्षा फायलींनीच जास्त सांगितले.

जे. जे. मधले मृत्यू झाले त्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. कोर्ट फी जवळजवळ नाही, वकील सक्तीचा नाही आणि निकाल लवकर, अशी त्याची रचना होती. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच उभे राहिल्यावर रुग्णांच्या तक्रारीही येऊ लागल्या. डॉक्टरांच्या संघटनांनी यावर जोरदार हरकत घेतली. डॉक्टर-रुग्ण नाते विश्वासाचे आहे, ते दुकानदार-गिऱ्हाइकाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते पूर्ण चुकीचे नव्हते, पण ज्या नात्यात एका बाजूला सगळी माहिती आणि सगळे कागद असतात, त्यातला विश्वास मोडल्यावर काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते.

मुंबईत या काळात डॉ. अरुण बाळ यांच्या पुढाकाराने आकाश ही ग्राहक संघटना आरोग्याच्या प्रश्नांवर काम करत होती. डॉक्टरच रुग्णांच्या बाजूने उभे राहत आहेत, हे दृश्य नवे होते. वैद्यकीय नीतिमत्तेवर उघड चर्चा व्हावी म्हणून फोरम फॉर मेडिकल एथिक्सने १९९३ मध्ये नियतकालिक सुरू केले, त्याच्या उभारणीत डॉ. पंड्या होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या निवडणुकीतले गैरप्रकार पाहून काही डॉक्टरांनी एकत्र यायचे ठरवले, यातूनच या फोरमचा जन्म झाला.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या निकालात वाद मिटवला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. जिथे काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत तपासतात, तिथल्या मोफत रुग्णालाही तक्रार करता येते. पण जिथे सर्वांनाच सेवा मोफत आहे, तिथला रुग्ण या कायद्याबाहेर राहील, आणि नोंदणीसाठी घेतलेल्या नाममात्र शुल्काने त्यात फरक पडत नाही. म्हणजे केसपेपर काढताना खिडकीवर दिलेल्या पाच-दहा रुपयांनी कोणी ग्राहक होत नाही. जे. जे. मध्ये ग्लिसरॉलने मेलेल्या गरीब रुग्णाच्या घरच्यांना हा नवा, स्वस्त रस्ता उपयोगाचा नव्हता. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात सेवांच्या यादीत आरोग्यसेवेचे नाव घेतलेले नाही म्हणून डॉक्टर त्यातून वगळले गेले, असा दावा पुढे झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो फेटाळला.

तक्रारीची जागा मिळाली तरी पुरावा रुग्णालयाच्याच कपाटात होता. नातेवाईक केसपेपरची प्रत मागायला गेले की 'तो आमचा कागद आहे', 'गोपनीय आहे', 'कोर्टाचा आदेश आणा' अशी उत्तरे मिळत. हातात यायचे ते डिस्चार्ज कार्ड, तेही चार ओळींचे. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, रक्तदाब कधी उतरला, बोलावल्यावर डॉक्टर किती वाजता आले, हे सगळे आतल्या पानांवर असे. तक्रार झाल्यावर ती पाने नव्याने लिहिली जातात, असा संशय त्यामुळे नेहमीचाच झाला होता.

१९९६ मध्ये रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न सोडवला. रुग्णाच्या किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या विरोधात गोपनीयतेचा आधार रुग्णालयाला घेता येणार नाही. आवश्यक तो खर्च घेऊन प्रती द्याव्या लागतील. गोपनीयता रुग्णाच्या रक्षणासाठी आहे, रुग्णापासून लपवण्यासाठी नाही, हा साधा विचार न्यायालयातून यावा लागला. २००२ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत तो देशभरासाठी नियम झाला. दाखल रुग्णाची कागदपत्रे किमान तीन वर्षे जपायची आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायची.

कागद हातात आला की तो रुग्णाच्याच बाजूने बोलेल असे मात्र नाही. मूत्रपिंडाच्या आजाराच्या एका रुग्णाला मुंबईत जिवाणूसंसर्गासाठी अॅमिकासिन दिले गेले आणि त्यामुळे आपल्याला बहिरेपण आले, अशी त्याची तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाने त्याला भरपाई दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण संसर्ग जिवावर बेतणारा होता आणि नंतर दुसऱ्या रुग्णालयांत झालेल्या तपासण्यांच्या नोंदींत बहिरेपणाची तक्रार आढळत नव्हती. हा निकालही कागदावरच लागला.

दुसरा कागद संमतीपत्राचा. दाखल होताना, घाईत, बऱ्याचदा इंग्रजीतल्या छापील फॉर्मवर सही करायची, हा अनुभव महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना आहे. २००८ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही. जीव वाचवण्याची निकड नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे आणि त्यालाच विचारले पाहिजे. सहीला अर्थ यायचा असेल तर रुग्णाला समजेल अशा भाषेत धोके आधी सांगावे लागतात.

फौजदारी बाजूने कायदा डॉक्टरकडे झुकला, आणि त्याला कारण होते. ऑगस्ट २००५ मध्ये जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला साधी चूक पुरत नाही, ढळढळीत निष्काळजीपणा लागतो, आणि त्याआधी स्वतंत्र डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. त्या प्रकरणात धाप लागलेल्या रुग्णासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास इतरांना कमाल पाच वर्षे, तर नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना असे झाल्यास कमाल दोन वर्षे शिक्षा आहे.

ज्यांना यातल्या कोणत्याच वाटेवर भरवसा नव्हता, त्यांचा राग रुग्णालयावर उतरत राहिला. ऑगस्ट २००१ मध्ये शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांचे ठाण्याच्या रुग्णालयात निधन झाले, तेव्हा जमावाने ते रुग्णालयच पेटवले. आत इतर रुग्ण दाखल होते. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्येच स्वतंत्र कायदा केला होता. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. यात मार खातो तो बहुधा सलग ड्युटी करणारा तरुण निवासी डॉक्टर, ज्याच्या हातात खाटांची संख्याही नसते आणि औषधांची खरेदीही नसते.

१४ जणांच्या मृत्यूनंतर लेंटिन आयोगाने दाखवलेली साखळी २०२१ मध्ये पुन्हा दिसली. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागून १० बाळे गेली. २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि व्हेंटिलेटरवरचे किमान २२ रुग्ण मरण पावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ जण गेले. या मृत्यूंचे कारण वायरिंग, झडपा, देखभालीचे करार आणि अग्निशमनाच्या तपासण्या यांत होते, आणि त्यांची नोंद कोणत्याही रुग्णाच्या केसपेपरवर नसते.

जानेवारी २०२१ मध्येच महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. १९४९ च्या बॉम्बे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अॅक्टवर राज्य अजूनही चालते, याच विषयावरचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. नव्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले, कागदपत्रांच्या प्रतींचा आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क लिहून दिला आणि तक्रारीसाठी स्थानिक नोंदणी प्राधिकाऱ्याची जागा ठरवली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेचा आणि जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्याचा त्याला आधार होता. ही तरतूद खासगी रुग्णालयांसाठी आहे.

सरकारी रुग्णालयातल्या रुग्णासाठी मेडिकल कौन्सिल, मानवाधिकार आयोग, दिवाणी दावा आणि उच्च न्यायालय हेच मार्ग राहतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, ही गरिबांसाठी मोठी गोष्ट होती. त्याचबरोबर तिथला रुग्ण ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. त्यानंतर दीड महिन्यात, ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या दिवसांत, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या नांदेडच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. न्यायालयाने राज्य सरकारकडे मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत, औषधांची खरेदी कुठे अडली आणि त्यासाठी नेमलेले प्राधिकरण पूर्णवेळ अधिकाऱ्याविना का आहे, याचा हिशेब मागितला.